थंडी पडली की मागची चाकं सरकतात, ईएसपीचा दिवा लुकलुकतो: पॉवरफुल गाडीत काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

हे जर्मनीत गाडी चालवणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितोय, त्यातही ज्यांच्याकडे ३०० हॉर्सपॉवरच्या आसपास किंवा त्यावरची गाडी आहे, मागच्या चाकांवर चालणारी असो नाहीतर चारही चाकांवर चालणारी. ऑक्टोबर सरत आला की फोन सुरू होतात आणि तक्रार तीच असते, "दादा, उन्हाळ्यात गाडी एकदम चिकटून चालायची, आता ईएसपी बिघडलाय बहुतेक." इतक्या गाड्या बघितल्यावर खात्रीने सांगतो, ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की तिला सावरणारी यंत्रणा, क्वचितच बिघडलेला असतो. बघायचं ते रबराकडे.

लक्षणं

- सकाळी सिग्नलवरून निघताना पेडल अर्धं दाबलं तरी मागचा भाग हलतो, डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकतो आणि इंजिनने एकदम दम सोडल्यासारखं वाटतं.
- ऑटोबानवर चढायच्या गोल रॅम्पवर किंवा राउंडअबाउटमधून बाहेर पडताना शेपूट बाहेर जाते, रस्ता नुसता ओलसर असतो, बर्फाचा पत्ताही नसतो.
- कोरड्या रस्त्यावर ब्रेक जरा जोरात दाबला तर एबीएस लवकर थरथरतो.
- पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी काढताना पुढून कट-कट असे झटके बसतात, काहीतरी तुटलंय असं वाटावं इतके.
- सकाळी टायर प्रेशरची वॉर्निंग येते आणि थोडं चालवल्यावर जाते.
- पहिले काही किलोमीटर धप-धप असा आवाज, नंतर आपोआप बंद.
- आणि उलट प्रकार, विंटर टायर बसवून आणले आणि आता १३०च्या वर गाडी डुलते, स्टिअरिंग मऊ वाटतं.

यातली दोन-तीन लक्षणं थंडीबरोबरच सुरू झाली असतील तर खालच्या क्रमाने जा. क्रम मोडू नका, कारण वरच्या गोष्टी फुकट आहेत आणि खालच्या शेकड्यांनी युरो खातात. लोक बरोबर उलटं करतात, आधी डायग्नोसिसला पैसे भरतात आणि मग तिथला माणूस सांगतो की टायर बदला.

हे होतं कशामुळे

समर टायरचं रबर उन्हाळ्याच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. थंडीत ते तुपासारखं थिजत जातं, मग रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात ते दबून बसत नाही आणि पकड जाते. विंटर टायरचं मिश्रण वेगळं असतं, ते थंडीतही लवचिक राहतं, शिवाय त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात ज्या बर्फात आणि चिखलात धरतात. सगळे म्हणतात ७ अंशांच्या खाली गेलं की विंटर टायर, पण ७ अंश म्हणजे काही भिंत नाही की ८ला सगळं ठीक आणि ६ला गाडी खड्ड्यात. चांगला समर टायर ५ अंशाला कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक मारतो, कधीकधी विंटर टायरपेक्षाही बरा. प्रश्न असा की नोव्हेंबरमध्ये जर्मनीत रस्ता कोरडा राहतो कुठे? ओली पानं, दव, पुलावरचा पातळ बर्फ, आणि सकाळी ७ वाजता सगळं एकदम. ७ अंश हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे म्हणून वापरा, त्याच्यावर वाद घालत बसू नका.

पॉवरफुल गाडीत हे जास्त का जाणवतं? कारण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर. आताच्या टर्बो इंजिनात तो फार खाली मिळतो. उदाहरण म्हणून बीएमडब्ल्यू एम३४०आय घ्या, ५०० न्यूटनमीटर आणि तेसुद्धा १९०० आरपीएमलाच. म्हणजे तुम्ही शर्यत लावत नाही आहात, फक्त ऑफिसला चाललाय, तरी पाय जरा खाली गेला की रस्त्याला टेकलेल्या त्या तळहाताएवढ्या रबराला जे झेपतं त्यापेक्षा जास्त ताकद चाकावर येते. इलेक्ट्रिक गाडीत तर शून्यापासूनच पूर्ण टॉर्क. शिवाय अशा गाड्यांवर कंपनीतूनच स्पोर्टी समर टायर येतात, रुंद आणि कमी उंचीचे, त्यांची पकड गरम झाल्यावर खुलते आणि थंडीत शहरात चालवताना ते गरम होतच नाहीत.

१. दिवा लुकलुकतोय की सतत पेटलेला आहे?

पहिली तपासणी हीच, दोन सेकंदांची. लुकलुकत असेल तर ईएसपी काम करतोय, चाक घसरतंय हे त्याने ओळखलंय आणि तो पॉवर कापतोय. म्हणजे यंत्रणा ठणठणीत आहे, पकड कमी आहे, पुढच्या मुद्द्यावर जा. दिवा सतत पेटलेला असेल तर दोनच शक्यता, चुकून बटण दाबून ईएसपी बंद केलाय किंवा खरंच बिघाड आहे. बटण तपासा. बटणाने किंवा गाडी बंद करून परत सुरू केल्यावरही गेला नाही, किंवा एबीएसचा दिवाही सोबत पेटलाय, तर इथेच थांबा आणि वर्कशॉपला फोन करा. बऱ्याचदा चाकाचा स्पीड सेन्सर असतो, पण ते घरी अंदाजाने करायचं काम नाही.

२. गाडीवर नेमके कोणते टायर आहेत ते वाचा

हसू नका, सेकंडहँड गाडीत हे सगळ्यात जास्त वेळा निघतं. विकणाऱ्याने सांगितलेलं असतं "ऑलवेदर आहेत" आणि वाचल्यावर कळतं की समर आहेत. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र शोधा. ते असेल तरच कायद्याच्या दृष्टीने तो थंडीचा टायर, मग विंटर असो वा ऑलसीझन. नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं आता चालत नाही, २०१७ अखेरपर्यंत बनलेल्या तशा टायरांना जी सूट होती ती ३० सप्टेंबर २०२४ला संपली.

जर्मनीत तारखेचं बंधन नाही, परिस्थितीचं आहे. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेलं पाणी किंवा गोठलेल्या दवाचा थर असेल तर समर टायरवर चालवायचं नाही. पकडलं तर ६० युरो आणि लायसन्सच्या नोंदीत एक दंडाचा पॉइंट, त्यामुळे कोणाला अडथळा झाला तर ८०. गाडी तुमच्या नावावर असेल आणि तुम्ही मित्राला तशीच चालवायला दिली तर तुम्हाला ७५ आणि पॉइंट. अपघात झाला तर समोरच्याचं नुकसान विमा देतो, पण स्वतःच्या गाडीचं नुकसान भरणाऱ्या फुल कास्को विम्यातून कंपनी पैसे कापू शकते, निष्काळजीपणा म्हणून.

इथले लोक विंटर टायर ऑक्टोबर ते ईस्टर असा हिशोब सांगतात. मी आपल्या लोकांना दसरा ते गुढीपाडवा सांगतो, पटकन लक्षात राहतं, दसऱ्याला गाडीची पूजा करताच ना, तेव्हाच टायरची बाजू वाचून घ्या. फक्त पाडवा मार्चमध्ये आला तर काढायची घाई करू नका, आल्प्सच्या बाजूला एप्रिलमध्येही बर्फ पडतो. आणि बसवायची अपॉइंटमेंट गणपती विसर्जन झालं की लगेच घ्या, पहिला बर्फ पडल्यावर वर्कशॉपवाला फोन उचलत नाही.

३. हवा

पेट्रोल पंपावर, बहुतेक ठिकाणी फुकट. तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण ०.१ बार हवा कमी दिसते. ऑगस्टच्या शेवटी २५ अंशाला भरली असेल आणि आता सकाळी उणे ५ आहे तर ०.३ बार गेली, टायर कुठेही पंक्चर नसताना. सकाळची वॉर्निंग आणि मग तिचं गायब होणं याचं कारण हेच, चालवल्यावर हवा गरम होऊन दाब वाढतो. वॉर्निंग गेली म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. हवा टायर थंड असताना मोजायची, ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाआड जो तक्ता असतो त्याप्रमाणे, पुढची वेगळी मागची वेगळी, आणि भरल्यावर मेन्यूत जाऊन प्रेशर रिसेट करायचं. "बर्फात हवा कमी ठेवली की ग्रिप वाढते" हे कोणीतरी सांगतंच, ऑटोबानवर चालणाऱ्या जड गाडीत ते अजिबात करू नका, टायरच्या कडा तापतात आणि गाडी डुलते. एकाच चाकाची हवा आठवड्याला उतरत असेल तर थंडीला दोष देऊ नका, खिळा किंवा व्हॉल्व्ह आहे.

४. ड्राइव्ह मोड आणि उजवा पाय

स्पोर्ट मोड बंद. कम्फर्ट किंवा इको, स्नो मोड असेल तर तो. फरक लगेच कळतो कारण त्या मोडमध्ये पेडल मऊ होतं आणि गिअरबॉक्स लवकर वरचा गिअर टाकतो, बऱ्याच गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये निघतात. ईएसपी पूर्ण चालू, तो अर्धवट बंद करणारा डायनॅमिक प्रकार नाही.

पाय पटकन दाबायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पटकन उचलायचाही नाही हे माहीत नसतं. मागच्या चाकांच्या गाडीत वळणावर पाय झटकन काढला की इंजिन मागची चाकं धरतं, वजन पुढे जातं आणि शेपूट सुटते. घाबरून पाय काढतात आणि त्यानेच गाडी फिरते, मला आलेल्या कितीतरी फोनमध्ये हेच झालेलं होतं. इलेक्ट्रिक गाडीत हाच प्रकार रीजनरेशनने (पाय उचलला की मोटरच गाडी आवरते आणि बॅटरी भरते) होतो, आणि एक फसवी गोष्ट म्हणजे सकाळी बॅटरी थंड असते तेव्हा रीजन कमी लागतं, बॅटरी गरम झाल्यावर तेच जोरात लागायला लागतं, म्हणजे घरातून निघताना गाडी जशी वागली तशी अर्ध्या तासाने वागणार नाही. ओल्या थंडीत सेटिंगमधून रीजन कमी करता येत असेल तर करा.

गाडीतलं थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतं, रस्त्याचं नाही. ३-४ अंशांना हिमकणाची घंटी वाजते ती म्हणूनच, कारण पुलावर आणि जंगलातल्या सावलीत रस्ता तोपर्यंत गोठलेला असू शकतो.

५. नक्षी किती उरली आहे

दोन युरोचं नाणं घ्या. बाहेरची चंदेरी कड ४ मिलीमीटर असते, ती खाचेत पूर्ण गेली पाहिजे. कायदा १.६ मिलीमीटरला परवानगी देतो, पण विंटर टायर ४च्या खाली गेला की बर्फात त्याचा उपयोग फार उरत नाही. ऑस्ट्रियात तर १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी रस्त्यावर ४च्या खालचा टायर विंटर धरतच नाहीत, त्यामुळे इन्सब्रुक-साल्झबुर्गची ट्रिप असेल तर आधी मोजा.

आता या गाड्यांतली खास गोष्ट. मागच्या चाकांना कंपनीतूनच थोडा आत झुकाव असतो आणि टायर रुंद, त्यामुळे आतली कड आधी झिजते. बाहेरून बघितलं तर टायर नवा वाटतो आणि आतून गुळगुळीत, कधी कधी तारा दिसायला आलेल्या. वाकून हात आत घाला किंवा मोबाईल आत धरून फोटो काढा. आतली कड संपलेली असेल तर टायर बदलाच, पण अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) न करता नवा टाकलात तर तोही तसाच जाणार.

६. वय, दिशा आणि चारही सारखे आहेत का

टायरच्या बाजूला डॉट (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा, ३५१९ म्हणजे २०१९चा ३५वा आठवडा. जुनं रबर नक्षी शिल्लक असली तरी कडक होतं. मी स्वतः ६ वर्षांनंतर दर सीझनला नीट बघतो आणि ८ नंतर विंटर टायर ठेवत नाही. बारीक भेगा दिसल्या तर त्याआधीच. स्पोर्टी समर टायर उणे तापमानात उघड्यावर ठेवून तसेच फिरवले तर त्यांनाही भेगा जाऊ शकतात, काही कंपन्या तसं स्पष्ट लिहितात, म्हणून काढलेला सेट बाल्कनीत टाकू नका.

फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेला तो हवा, घाईत उलटं बसवलेलं चाक मी पुष्कळदा बघितलंय.

आणि पैसे वाचवायला दोनच विंटर टायर, हा प्रकार अजिबात नाही. मागे दोन घातले तर गाडी निघेल छान, पण पुढून वळणार नाही आणि थांबणार नाही. पुढे दोन घातले तर ब्रेक मारताच मागचा भाग पुढे यायला बघेल. चारही चाकांच्या ड्राइव्हमध्ये तर पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक पडला की ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) सतत ताण येतो, आणि ते दुरुस्त करायला चार टायरपेक्षा कितीतरी जास्त लागतात. क्वाट्रो, एक्सड्राइव्ह, फोरमॅटिकवाल्यांना, म्हणजे ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीजच्या चारचाकी ड्राइव्हवाल्यांना अजून एक: चार चाकं ओढतात म्हणून गाडी सुटते भारी, पण थांबायला सगळ्याच गाड्यांना चारच चाकं आणि तेच रबर. ती आरामात सुटल्यामुळे रस्ता किती घसरडा आहे हे कळतच नाही, पहिल्या ब्रेकला कळतं.

७. पार्किंगमधले झटके

याला घाबरून लोक सस्पेन्शन उघडतात. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या वर्तुळात फिरायला हवं, रुंद टायरच्या स्पोर्टी गाड्यांमध्ये ते तंतोतंत जमत नाही आणि टायर थोडा आडवा ओढला जातो. गरम रबर वाकून सोसतं, थंड रबर धरतं आणि उडी मारतं. चाचणी सोपी, तेच वळण थोडं कमी स्टिअरिंग वळवून घ्या. झटके गेले आणि दुपारी उन्हात नसतील तर टायरच. विंटर टायरवर सहसा खूप कमी होतात. सरळ जाताना किंवा खड्ड्यातही ठक-ठक येत असेल तर ते वेगळं दुखणं, वर्कशॉप.

सकाळची धप-धपसुद्धा तशीच, रात्रभर उभं राहून टायर खाली चपटा होतो आणि गरम झाल्यावर गोल होतो. १५-२० किलोमीटरनंतरही राहिली तर बॅलन्सिंग.

८. विंटर टायर बसवल्यानंतरचं डुलणं

थोडं मऊ वाटणं हे त्या टायरचा स्वभावच आहे. नवीन असतील तर पहिले २००-३०० किलोमीटर सांभाळून, वरचा थर निघायला वेळ लागतो. पण बोल्ट मात्र साधारण ५० किलोमीटर झाल्यावर टॉर्क पान्याने तपासाच, किती न्यूटनमीटर ते मॅन्युअलमध्ये असतं, अंदाजाने पाय देऊन आवळायचे नाहीत.

टायरवरचं स्पीडचं अक्षरही बघा. एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. गाडी २५०ची आणि विंटर टायर एच असेल तर जर्मनीत चालतं, पण वेगमर्यादेचं स्टिकर ड्रायव्हरच्या नजरेसमोर हवं आणि अर्थातच त्याच्या आत चालवायचं. साइझ निवडताना कागदपत्रांत परवानगी असलेली त्यातल्या त्यात लहान रिम घ्या, ब्रेक कॅलिपरला लागत नाही ना ते बघून. अरुंद टायर बर्फात चांगला रुततो, स्वस्त पडतो आणि त्याला साखळी बसते. रुंद टायरच्या बऱ्याच गाड्यांत साखळीला जागाच नसते, डोंगरात निळ्या पाटीवर साखळी बंधनकारक असं दिसल्यावर हे कळून उपयोग नाही. साखळी लावली की ५० किलोमीटर ताशीच्या वर जायचं नाही.

इथे थांबा, पुढचं वर्कशॉपचं

टायरच्या बाजूला फुगा आलाय, चीर पडली आहे किंवा तार दिसते आहे, तर गाडी हलवू नका. फुटपाथच्या कडेला जोरात आपटल्यानंतर गाडी एका बाजूला ओढते किंवा स्टिअरिंग सरळ असताना चाक तिरकं दिसतं. बोल्ट आवळून, बॅलन्सिंग करूनही थरथर जात नाही. वळताना गुरगुर येते आणि वेगाबरोबर वाढते, बेअरिंग असू शकतं. चारचाकी ड्राइव्हमध्ये हळू वेगाला गाडी धक्के देत चालते. चांगले टायर, बरोबर हवा, कम्फर्ट मोड, आणि तरी कोरड्या रस्त्यावर शेपूट नेहमी एकाच बाजूला जाते, मग अलाइनमेंट, शॉक किंवा मागचे बुश. यातलं काहीही घरी जॅक लावून करू नका.

आणि बाहेर असताना अचानक बर्फ सुरू झाला आणि खाली समर टायर आहेत, तर "घर जवळच आहे" म्हणून निघू नका. सुरक्षित जागी लावा आणि ट्रेनने जा, नाहीतर टोइंगला फोन करा. विशेषतः गोठणारा पाऊस पडत असेल तेव्हा, त्यात विंटर टायरही फारसं काही करू शकत नाही.

वर्कशॉपला जाल तेव्हा "घसरते" एवढंच सांगू नका. कोणत्या तापमानाला, ओल्यात की कोरड्यात, निघताना की ब्रेक मारताना की वळताना, दिवा लुकलुकत होता की सतत पेटला होता, आणि तुम्ही मोजलेली हवा, नक्षी आणि डॉटचे आकडे, हे सगळं लिहून न्या. यामुळे ते पहिला तासभर तुमच्याच पैशाने शोधत बसत नाहीत.